इंग्लंडमधलं जुनं दगडी घर कसं वाचावं

तिकिटाबरोबर मिळणारं माहितीपत्रक पर्समध्ये टाका. ते शेवटी वाचायचं. सन आणि मालकाचं नाव आधी कळलं की डोळे काम थांबवतात. "अच्छा, पहिल्या एलिझाबेथच्या काळातलं होय," असं म्हणून माणूस थेट कॅफेकडे वळतो. आमच्या घरचे सगळे तसेच वळतात.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. पदाचं नाव बायकांनाही तेच. शाळा, विश्रामगृहं, जुन्या कचेऱ्यांच्या दुरुस्त्या यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली, त्यामुळे भिंत दिसली की नजर आधी सांध्यावर जाते. मुलगा इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेटमधल्या येओव्हिलला असतो. तिथून चारेक मैलांवर मॉन्टॅक्यूट हाउस आहे. सोळावं शतक संपून सतरावं लागताना बांधलेलं, तीन मजली, मधाच्या रंगाच्या दगडाचं. या लेखात उदाहरण म्हणून हेच एक घर घेते. तुमची लेक यॉर्कशायरला असेल तर तिथला दगड वेगळा, घराचा तोंडवळाही वेगळा, पण बघायची रीत तिथेही चालेल.

सामान थोडंच लागतं. एक छोटी दुर्बीण घ्याच, कारण या घरांची सगळी मजा वरच्या मजल्यावर आणि छपराच्या कडेला असते. कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. पेन नको, अशा घरांत आत पेन वापरू देत नाहीत. जमेल तसं रेखाटा. फोटो काढला की बघणं संपतं. रेघ ओढायची तर ती कुठून निघते आणि कुठे संपते हे बघावंच लागतं.

आधी घराकडे पाठ करा

दगड कुठून आला हे घरात शिरण्यापूर्वी शोधायचं. मॉन्टॅक्यूटला हे सोपं आहे. गावाच्या पश्चिमेला हॅम हिल नावाचा लांबट डोंगर आहे. त्यावर लोहयुगातला प्रचंड तटबंदीचा किल्ला आहे आणि शेकडो वर्षांच्या खाणींचे खड्डे आहेत. काही खाणकाम अजून चालू आहे. गावातून एक चक्कर मारा. चर्च, शाळा, पब, शेताचे बांध, अगदी साध्या कामगाराचं दोन खोल्यांचं घर, सगळं त्याच पिवळसर तपकिरी दगडाचं. रेल्वे येण्याआधी दगड लांबून आणायचा म्हणजे दगडापेक्षा बैलगाडी महाग. त्यामुळे गावाचा आणि महालाचा दगड एकच असणं हीच त्या काळची रीत होती.

आता उलट उदाहरण. याच भागात लाइट्स केरी नावाचं जुनं घर आहे. तिथे भिंती निळसर करड्या दगडाच्या आणि खिडक्यांच्या चौकटी मात्र हॅम हिलच्या पिवळ्या दगडाच्या. असं दोन रंगांचं काम दिसलं की कारण विचारायचं. तो करडा दगड, लायस, जमिनीत पातळ थरांनी येतो. भिंत रचायला उत्तम, पण कोरीव चौकट काढण्याइतका जाड तुकडा त्यातून निघत नाही. म्हणून कोरीव कामापुरता चांगला दगड बाहेरून आणला. मालकाची ऐपत, खाणीचं अंतर आणि गवंड्याची अडचण एका भिंतीत दिसते.

दगडाचा थर ओळखा

हा भाग मला तिकडे जाऊन नव्याने शिकावा लागला. आपला सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा. त्याची चीप कशीही फिरवून बसवली तरी फारसं बिघडत नाही. हॅम हिलचा दगड चुनखडीचा. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा साचून झालेला. रंग लोहाचा. जवळून बघितलंत तर शिंपल्यांचे कण दिसतात आणि त्यांच्या तिरप्या, आडव्या रेघाही दिसतात. त्या रेघा म्हणजे समुद्रतळाचे थर.

पाथरवटाचा नियम असा की भिंतीतला दगड खाणीत जसा आडवा पडलेला होता तसाच आडवा बसवायचा, म्हणजे वरचा भार थरांना दाबून ठेवतो. थर भिंतीच्या तोंडाला समांतर उभे राहिले तर पावसाने आणि थंडीत गोठणाऱ्या पाण्याने ते एकेक करून सुटतात, दगडाचे पापुद्रे निघतात. पुढे आलेल्या कंगोऱ्याला मात्र नियम उलटा. तिथे दगड आडवा बसवला तर खालचा थर गळून पडेल, म्हणून तो उभा करून थरांच्या कडा बाहेर येतील असा ठेवतात. भिंतीवर एखादा दगड शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेला दिसला तर त्याच्या रेघांची दिशा बघा. अर्ध्या वेळा कारण तिथेच सापडतं.

झिजलेला हॅम दगड गुळगुळीत नसतो. मऊ थर खोल जातात, टणक थर कण्यासारखे वर राहतात. हात लावायचा मोह होतो, लावू नका.

मग सांधे. दर्शनी भिंतीत दगड इतके नेटके घडवलेले असतात की सांधा एका रेघेएवढा दिसतो. पण हा घडीव दगड बहुतेक ठिकाणी फक्त बाहेरचा पदर असतो. पोटात अनघड दगड आणि चुना. सांध्यात काय भरलंय ते नीट बघा. चुना असेल तर तो दगडापेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर जाते आणि झिजायचं ते तोच झिजतो. नंतरच्या कोणी सिमेंटने दरजा भरल्या असतील तर चित्र उलटं होतं. ओल दगडातून बाहेर पडते, दगड झिजतो आणि सिमेंटची करडी रेघ जाळीसारखी पुढे राहते. इंग्लंडमधल्या खेड्यांत फिरताना अशा भिंती सहज दिसतील. आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांवरही हेच सिमेंट थापलेलं पाहिलंय आणि दर वेळी "मजबुतीसाठी केलंय" हेच उत्तर ऐकलंय.

उन्हाची वेळ साधा

दर्शनी भिंत सकाळच्या उन्हात सुंदर दिसते, पण वाचता येत नाही. समोरून पडलेलं ऊन सगळं सपाट करून टाकतं. ऊन भिंतीला घासून गेलं पाहिजे, मग टाकीचे घाव, मोल्डिंगची खोली, बुजवलेल्या खिडकीची पुसट कड, सगळं वर येतं.

मॉन्टॅक्यूटचं मूळ तोंड पूर्वेला आहे. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे सूर्य बरोबर दक्षिणेला यायला सव्वा वाजतो. म्हणजे पूर्वेच्या भिंतीवर साधारण साडेअकरा ते एक या वेळात तिरपं ऊन मिळतं. त्यानंतर जेवून घ्या आणि दोनच्या आत पश्चिमेच्या बाजूला जा, तिथे तेच ऊन आता दुसऱ्या अंगाने घासायला लागलेलं असतं. दुसऱ्या कुठल्या घराला जाणार असाल तर फोनवरच्या नकाशात त्याचं तोंड कुठे आहे ते बघून हा हिशेब आदल्या रात्रीच करा. ढग असतील तर हिशेब वाया जातो, आणि इंग्लंडात ढग असतातच.

पाण्याचा माग घ्या

कोणतीही शोभेची गोष्ट दिसली की आधी विचारा, पाऊस पडल्यावर हिच्यामुळे पाणी कुठे जातं? पूर्वेच्या भिंतीवर प्रत्येक मजल्याच्या वर एक रुंद आडवा पट्टा संपूर्ण घराभोवती फिरलेला दिसेल. ग्रीक-रोमन देवळांत खांबांवर जी आडवी पट्टी असते तिची ही नक्कल. दिसायला ऐट आहे, पण ती काम काय करते? भिंतीवरून ओघळणारं पाणी खिडकीवर न जाता बाहेर फेकते. अशा पट्ट्यांच्या पोटाशी बारीक खाच असते. पाणी खालून वळून भिंतीकडे यायला लागलं की त्या खाचेशी अडतं आणि थेंब होऊन सुटतं. आमच्या नकाशात आम्ही स्लॅबच्या छज्जालाही हीच खाच दाखवायचो आणि साइटवर ती हमखास विसरली जायची.

जुन्या, साध्या घरांत ही पूर्ण पट्टी नसते. फक्त खिडकीच्या डोक्यावर दगडाची एक भुवई असते, दोन्ही बाजूंना खाली वळलेली. गरज तीच, खर्च कमी. भुवया तुटक आहेत की पट्टा अखंड फिरलाय, यावरून मालकाचा खिसा आणि त्याचं पुस्तकी वाचन दोन्ही कळतं.

खिडक्या मोजा

इथे वेळ घालवा. या घरांची गोष्ट खिडक्यांमध्ये आहे.

खिडकी म्हणजे एक सलग भोक नाही. उभे दगडी दांडे, त्यांना मलियन म्हणतात, आणि आडवे दांडे मिळून तिचे चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनात शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले काचेचे लहान तुकडे असतात, कारण त्या काळी मोठी काच बनत नव्हती. शिसं मऊ, वाऱ्याने आत झुकतं, म्हणून आत लोखंडाच्या आडव्या सळया आणि त्यांना तारेने बांधलेली काच. दुर्बिणीतून तारेच्या गाठीही दिसतात. काचांकडे तिरपं बघा. जुन्या काचेत आभाळ थरथरतं, नव्या काचेत सरळ दिसतं. एकाच खिडकीत दोन्ही सापडतात.

काच महाग होती. म्हणून खिडकीचं आकारमान म्हणजे घराची प्रतिष्ठा. कोणत्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच आहेत ते मोजा, तिथे यजमानाच्या सर्वात मानाच्या खोल्या असतात. डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलला, १५९० च्या दशकातल्या, खिडक्या वर जाऊन मोठ्या होतात, कारण तिथल्या मुख्य खोल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेत. आपल्याला तळमजल्यावर दिवाणखान्याची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मलियनचा छेद कागदावर काढा. कडा नुसती तिरपी कापलेली असेल तर काळ सांगता येत नाही, तशी कोणत्याही शतकात कापत. कड आत खोलगट कोरलेली असेल तर सहसा सोळाव्या शतकातली रीत. १६०० च्या पुढेमागे बाहेर फुगीर, पाव गोलासारखी कड लोकप्रिय झाली. पण एकट्या छेदावरून सन ठरवू नका. चांगला दगड असलेल्या खेड्यांतले गवंडी आजोबांचीच पद्धत पुढे बराच काळ चालवत.

आणखी एक. बुजवलेली खिडकी दिसली की सोबतचा कोणीतरी "खिडकी कर!" म्हणतोच. असा कर होता, १६९६ ते १८५१. पण पुष्कळ आंधळ्या खिडक्या पहिल्यापासून आंधळ्याच बांधलेल्या असतात, दर्शनी भिंतीचा तोल राखायला. मागे धुराड्याची भिंत येत असेल किंवा जिना, तिथे खरी खिडकी कशी काढणार? कडेचा सांधा बघा. चौकटीचा आणि भरावाचा दगड एकाच वेळी, एकाच थरात बसवलेला असेल तर कराचा संबंध नाही.

समोरची बाजू किती खरी, ते तपासा

पूर्वेच्या अंगणात मध्यभागी उभे राहा. मधोमध पुढे आलेलं प्रवेशद्वार, दोन्ही टोकांना पुढे आलेल्या बाजू, डावी-उजवी अगदी सारखी. आता विचार करा, आत खरंच डावं-उजवं सारखं असेल का?

नसतं. त्या काळच्या घराच्या रचनेत दार थेट मोठ्या दालनात उघडत नाही. आधी एक आडवा बोळ येतो. बोळाच्या एका बाजूला दालन, म्हणजे हॉल, आणि दुसऱ्या बाजूला पेयं आणि भाकरी ठेवायच्या कोठारवजा खोल्या. ही मध्ययुगातली सवय. दार दालनाच्या टोकाला यावं ही जुनी सोय, आणि दार भिंतीच्या मध्यावर यावं हा इटलीहून आलेला नवा शौक. दोन्ही एकत्र कसं करायचं? बाहेरून तोल सांभाळायचा आणि आत बोळ ठेवायचा. म्हणून मॉन्टॅक्यूटला दालनाच्या भव्य खिडकीच्या जोडीला पलीकडेही तेवढीच भव्य खिडकी आहे, मागे काहीही असलं तरी. बाहेर उभं राहून दालन कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज बांधा, कागदावर फुली मारा आणि आत गेल्यावर बघा. धुराड्यांवरूनही थोडा सुगावा लागतो, जिथे मोठी शेकोटी तिथे मोठी खोली.

आता दुर्बीण वर न्या. वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या मध्ये कोनाड्यांत नऊ पुतळे आहेत. हे 'नऊ वीर'. युरोपात मध्ययुगापासून चालत आलेली यादी: तीन ज्यू, तीन पुरातन काळातले, तीन ख्रिस्ती. जोशुआ, डेव्हिड, जुडास मकॅबियस, हेक्टर, अलेक्झांडर, ज्युलियस सीझर, राजा आर्थर, शार्लमेन आणि बुयाँचा गॉडफ्रे. सगळ्यांना रोमन शिपायाचा पोशाख घातलाय, आर्थरलाही. पाथरवटाला इतिहास फारसा नको होता, त्याला रोमन दिसायला हवं होतं. वर गेबलची, म्हणजे छपराच्या टोकाशी येणाऱ्या त्रिकोणी भिंतीची, कड डच पद्धतीने वळणावळणाची आहे आणि तिथे दगडी माकडं चढताना दिसतात. माहितीपत्रक न वाचता ती सापडली तर मला फार आनंद होईल.

खिडक्यांच्या खाली भिंतीत गोल खळगे दिसतील, रिकामे. इटालियन वाड्यांवर असतात तशा गोल मातीच्या प्रतिमा बहुधा तिथे बसायच्या होत्या. म्हणजे सजावट ठरली, जागा कोरली गेली, आणि ती वस्तू मात्र तिथे नाही. सरकारी कामात अर्धं आयुष्य घालवलेल्या बाईला यात काहीच नवल वाटत नाही.

थोडक्यात, पट्टे रोमन, गेबल डच, खिडक्या अस्सल इंग्रजी. हे घर कोणा वास्तुविशारदाने एकटाक नकाशा काढून बांधलेलं नाही. विल्यम आर्नल्ड नावाच्या मुख्य गवंड्याचं हे काम मानतात. ऑक्सफर्डचं वॉडॅम कॉलेज, १६१० ते १६१३, त्याच्याच हातचं. मालक सर एडवर्ड फिलिप्स वकील होता, १६०४ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती झाला, आणि संसद उडवून देण्याच्या कटाचा १६०६ मध्ये खटला चालला तेव्हा सरकारतर्फे सुरुवातीचं भाषण त्यानेच केलं. वकिलीत नव्याने वर आलेल्या माणसाला घराच्या कपाळावर नऊ वीर का हवे होते, हे आता वेगळं सांगायला नको.

मागे जा, तिथे कोडं आहे

जेवण झालं की पश्चिमेची बाजू. आजचे लोक इकडूनच येतात आणि हेच घराचं तोंड समजतात. मध्यभागाचा दर्शनी भाग नीट बघा. उभे बहुकोनी खांब, त्यांच्यावर बसलेले प्राणी, बारीक कोरीव काम. पूर्वेच्या रोमन पट्ट्यांशी याचं जमत नाही. शैली बघून तुम्ही म्हणाल, हा भाग जुना, उरलेलं घर नंतरचं. शैलीपुरतं खरं आहे. पण भिंत म्हणून हा भाग घरापेक्षा जवळपास दोनशे वर्षांनी नवा आहे.

झालं असं की डॉर्सेटच्या हद्दीत, जवळच, क्लिफ्टन मेबँक नावाचा हॉर्सी घराण्याचा सोळाव्या शतकातला वाडा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पाडायला काढला. तेव्हाच्या एडवर्ड फिलिप्सने, म्हणजे मूळ मालकाच्या वंशजाने, त्याचा दर्शनी भाग विकत घेतला, दगड सुटे करून आणले आणि १७८५ ते १७८७ च्या दरम्यान आपल्या घराच्या दोन बाजूंच्या मधल्या खाचेत उभे केले.

पण वकिलाच्या वंशजाला हे कशाला हवं होतं? हौस होतीच, पण अडचणही होती. एलिझाबेथच्या काळातल्या घरात कॉरिडॉर नसतो. एका खोलीतून दुसरीत, तिसरीत, असंच जायचं. रात्री नोकराला पलीकडे जायचं तर तुमच्या पलंगाशेजारून जाणार. अठराव्या शतकात लोकांना आडोसा हवासा वाटायला लागला. मधल्या खाचेत नवी भिंत उभी केली की तिच्या आणि जुन्या भिंतीच्या मध्ये आयता बोळ मिळतो. आणि पुढचं दारही पूर्वेकडून पश्चिमेला सरकलं.

म्हणून कोणत्याही घरात एखादा भाग शैलीने वेगळा दिसला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: दगड कधी कोरला, आणि दगड इथे कधी आला? उत्तर सांध्यात असतं. नवा भाग जिथे जुन्याला टेकतो तिथे दगड एकमेकांत गुंतलेले आहेत की नुसते शेजारी उभे आहेत, दोन्हीकडचे आडवे थर एका पातळीत येतात की नाही, पट्टा अचानक तुटतो का, हे बघा. ओळंबा न लावताही डोळ्याला कळतं.

आत गेल्यावर

आत फर्निचर, पडदे, तैलचित्रं यांत गुंतू नका. आधी बाहेरच्या फुलीची खात्री करा. बोळ सापडला? दालन कोणत्या बाजूला निघालं? दालनाचं छत बघा. मध्ययुगात अशा दालनाला वर मजला नसायचा, छपरापर्यंत मोकळं. इथे ते एका मजल्याचंच आहे. म्हणजे मालक आता नोकरचाकरांसोबत खाली जेवत नव्हता, वर गेला होता. वर म्हणजे पहिल्या मजल्यावरचं मोठं दालन, आता त्याला लायब्ररी म्हणतात. तिथल्या खिडक्यांत रंगीत काचेच्या बेचाळीस ढाली आहेत: राजघराणं, फिलिप्स घराणं, दरबारातले मित्र, शेजारचे जमीनदार. आपली ओळख कोणाकोणाशी आहे हे पाहुण्याला जेवताना दिसलं पाहिजे, ही सोय.

खालच्या दालनात भिंतीवर गिलाव्यात उठावाने काढलेलं एक चित्र आहे, ते चुकवू नका. एक नवरा तान्हं मूल सांभाळता सांभाळता पिंपातून गुपचूप बिअर घेतोय, बायकोने पकडलं आणि पायताणाने हाणलं, आणि मग गावाने त्याला दांड्यावर बसवून त्याची धिंड काढली. इतक्या थाटाच्या खोलीत हे चित्र! घरमालकाला विनोदबुद्धी होती किंवा बायको खमकी होती.

जिना दगडी आहे, मधल्या भरीव दगडी गाभ्याला वळसे घालत चढणारा. किल्ल्यातला गोल जिना आणि पुढच्या काळातला ऐसपैस लाकडी जिना, यांच्या मधली पायरी म्हणून तो बघा. सगळ्यात वर लाँग गॅलरी, १७२ फूट लांब, घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. इंग्लंडमध्ये टिकलेली सर्वात लांब. पाऊस असला की घरचे लोक इथे फेऱ्या मारायचे. मुलं तट्टूसुद्धा जिन्यावरून वर आणायची, असं सांगतात. जिन्याच्या पायऱ्या पाहिल्यावर मला ते पटतं. तिथे आता नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची जुनी चित्रं लावलेली असतात, ती बघायला दुसऱ्या दिवशी या.

एक खोली कर्झनची आहे. हो, तोच, बंगालच्या फाळणीचा. भारताचं व्हॉइसरॉयपद सोडून परतल्यावर त्याने १९१५ पासून हे घर भाड्याने घेतलं होतं. एलिनर ग्लिन ही लेखिका, त्याची प्रेयसी, त्याच्यासाठी इथली सजावट करत होती, आणि त्याचा दुसरीशी विवाह ठरल्याचं तिला १९१६ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रातून कळलं. त्याच्या खोलीत जुन्या धाटणीच्या लाकडी कपाटाचं दार उघडलं की आत न्हाणीचा टब आहे. मला या माणसाबद्दल प्रेम नाही. पण १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आपल्याकडे त्यानेच आणला आणि इंग्लंडला परतून बोडियमचा पडका किल्ला विकत घेऊन राष्ट्राला ठेवला, हे मान्य करावं लागतं. जुन्याला हात न लावता नवी सोय कशी बसवावी याचा तो टब चांगला नमुना आहे, भिंत फोडलेली नाही.

फिलिप्स घराण्याला घर परवडेना तेव्हा १९२९ मध्ये ते विकायला निघालं. भंगार म्हणून किंमत आली ५,८८२ पौंड. १९३१ मध्ये प्रवास कंपनीवाल्या थॉमस कुकचा नातू अर्नेस्ट कुक याच्या पैशातून ते वाचलं आणि नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, गेलं.

सराव कुठे करावा

एकाच घरावर हात बसत नाही. मॉन्टॅक्यूटनंतर बॅरिंग्टन कोर्टला जा. त्याच भागात, त्याच हॅम दगडाचं, पण अर्धशतक आधीचं. धुराडी पिळाची, गेबल सरळ उतरते, रोमन पट्टे नाहीत. दोन्ही घरं पाठोपाठ पाहिली की पन्नास वर्षांत पाथरवटाच्या डोक्यात काय नवं शिरलं ते वेगळं कोणी सांगावं लागत नाही. ट्रस्टने १९०७ मध्ये घेतलेलं ते पहिलं मोठं घर. तेव्हा ते इतकं मोडकळीला आलं होतं की डागडुजीच्या खर्चाने ट्रस्टने बराच काळ दुसऱ्या मोठ्या घराचं नाव काढलं नाही.

बॅरिंग्टनचा फायदा असा की आत फर्निचर नाही. खोल्या रिकाम्या, भिंती उघड्या, कोणी दोरी बांधून अडवलेलं नाही. फक्त लाकडी पॅनेलिंग बघून सन सांगायची घाई करू नका. १९२० च्या दशकात साखरेच्या व्यापारातले कर्नल लाइल तिथे भाड्याने राहायला आले, आणि त्यांनी ठिकठिकाणच्या जुन्या घरांतून निघालेलं लाकूडकाम जमवून इथे बसवलं. पॅनेलचे कोपरे जुळतात का, कुठे पट्टी जोडून लांबी भरून काढलीय का, एखादं कोरीव पान मध्येच कापलं गेलंय का, हे खिडकीजवळच्या उजेडात बघा. टॉर्च असेल तर भिंतीला चिकटवून तिरपा धरा.